अडवलेली जाळी

हिराआत्या, या जगात मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी असेन तर तुझा. उरणच्या शाळेच्या अर्जावर पालक म्हणून तुझा अंगठा आहे, कॉलेजच्या अर्जावरही तोच. मी पदवीधर झालो तेव्हा लोक म्हणाले, कोळ्याच्या पोरानं नाव काढलं. तू म्हणालीस, "नाव त्याच्या बापानं ठेवलंय. मी निसतं घासून लख्ख केलं."

तू गेल्याची तार मिळाली तेव्हा मी कलकत्त्याला होतो. आपल्या मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचमधून उतरलो तो चौथा दिवस होता. आज दहावा. तुझ्या ओटीवर बसून लिहितो आहे. बायका येतात, माझ्या तोंडावरून हात फिरवतात, रडतात आणि जाताना प्रत्येकजणी एकच वाक्य बोलते. "हिरा बोलायची, माज्या पोरानं मानसं वाचवली." मी खाली बघतो. त्यांना वाटतं, दुःखानं बघतो.

त्या वाक्याबद्दलच मला तुझ्याशी बोलायचं आहे. तू असताना जमलं नाही. जमलं की नाही, तेही नीट ठाऊक नाही.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि बाबा बाराही महिने होडीवर. तू सासर सोडून आली होतीस. का, ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. सकाळी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन उरणच्या बाजारात आणि दुपारनंतर ओटीवर जाळं, हा तुझा दिवस. मी समोर बसून धडा म्हणायचा. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण मी अडखळलो की तुझी सुई थांबायची. "नीट बोल. तू चुकलास का माजी गाठ चुकते." माझ्या चुकीनं जाळ्याला भोक पडेल आणि त्यातून पापलेट निसटेल या धाकानं मी भूगोल पाठ केला. मात्र सुई तू मला कधी हातात घेऊ दिली नाहीस. एकदा तू नसताना मी दोन गाठी मारल्या. तू आल्या आल्या ओळखलंस. तू डावरी, तुझी गाठ उलट्या बाजूनं वळते. माझ्या दोन गाठी सुलट्या होत्या. तू त्या तिथल्या तिथं कापल्यास. "हाताला ही सवय लागली का सुटत नाय. तुजा हात कागदासाठी ठेवलाय."

तो हात तू म्हणालीस तसा कागदालाच लागला. बी.ए. झाल्यावर मला मुंबईत निर्यात परवान्याच्या सरकारी कचेरीत नोकरी लागली. कचेरीत काय करतोस, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, बाहेरच्या देशात माल पाठवायला परवानगी लागते, ते अर्ज मी बघतो. तू म्हणालीस, "म्हंजे तू नाक्यावरचा जकातवाला." मला राग आला होता. आता वाटतं, बरोबर होतं.

ज्या वर्षाबद्दल बोलायचं आहे त्या वर्षी गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. पावसाळ्यासाठी लाँच बंद होण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी मी घरी आलो, तर ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. तू, पार्वतीकाकी आणि आणखी बाराजणी, मध्ये जाळ्यांचा डोंगर. महायुद्धातला उरलेला माल कुणा व्यापाऱ्यानं लिलावात घेतला होता. त्याचा मुकादम गाठोडी आणून टाकायचा. जाळ्यांच्या घराघरात हिरव्या-मातकट रंगाच्या चिंध्या ओवलेल्या होत्या. त्या ओढून काढायच्या, फाटलं असेल तिथं विणायचं, गुंडाळी करून परत द्यायची. ज्यांच्या घरात होडी नाही अशा बायका तू निवडून घेतल्या होत्यास. चिंध्या तुम्हीच ठेवायच्या. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या पाटीखाली त्या वर्षी हिरवी-मातकट चुंबळ होती.

"कसली गं जाळी?" मी विचारलं.

"शेट बोलतो, मासली धरायची. भायेरच्या देशात."

पार्वतीकाकी हसायला लागली. "तिकरची मासली आंधली असंल."

"का?"

मग तू मला शिकवलंस. आयुष्यात पहिल्यांदा तू जाळं माझ्या हातात दिलंस. "ही चार बोटं घाल. बग, चौकोनी हाय. खेच आता. मिटतंय?" मिटत नव्हतं. "मासलीचं जालं खेचलं का मिटतं, सोरलं का उगरतं. हे खिरकीसारकं उगरंच. वर तरंगायच्या बोया बांधायला दोरी नाय, खाली शिसं लावायला जागा नाय. सूत झाराच्या सालीत उकललेलं नाय, खाऱ्या पान्यात आठ दिसांत कुजंल. यानं मासली नाय मिलनार. यावर फार तर भोपल्याचा वेल चरवायचा."

"मग शेठला सांगितलं का?"

"मी कशाला सांगू? त्यानं फाटलेलं शिवायला सांगितलंय, मासली मोजायला नाय."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. आत्या, ते हसणं मला अजून ऐकू येतं आणि अजून कळत नाही, की तेव्हा तुला काही वाटलं होतं का. तू मला गंमत म्हणून सांगितलंस, की सरकारात बसणाऱ्या पोराच्या कानावर घालावं म्हणून सांगितलंस?

त्या पावसाळ्यात तुझी पाटी खुंटीला होती. गुडघे सुजायचे, तरी तीन वर्षं तू बाजार करत होतीस. मी किती वेळा म्हणालो, सोड पाटी, मी आहे ना. तू म्हणायचीस, "मी बसले तुज्या जिवावर, तर या बाकीच्या कोनाच्या जिवावर बसतील? त्यांचा कोनी नारायन नाय." जाळ्यांमुळे तू पहिल्यांदा बसलीस. गणपतीत मी आलो तेव्हा तू जिना चढून माळ्यावरून समई काढलीस. मला तेवढंच दिसलं आणि मी खूश होतो.

गणपतीनंतर पंधरा दिवसांनी अर्ज माझ्या टेबलावर आला. माल : मासेमारीची जुनी जाळी, दुरुस्त केलेली. सोबत सुतळीनं बांधलेला नमुना. मी सुतळी सोडली. चार बोटं घातली. चौकोनी. खेचलं. मिटलं नाही. कोपऱ्यात वीतभर नवी वीण होती आणि तिथल्या गाठी उलट्या बाजूनं वळलेल्या होत्या.

मी तो नमुना टेबलाच्या खणात ठेवला आणि तीन दिवस खण उघडला नाही.

आमच्या कामाची एक गोष्ट तुला तेव्हा सांगता येत नव्हती, ती आता सांगतो. कचेरीत दोन याद्या असत. एक मालाची, दुसरी ठिकाणांची. बंदुका-काडतुसांना परवाना लागतो हे कुणालाही कळतं. पण तंबू, घोंगड्या, जीपचे सुटे भाग, दुर्बिणी, दोर, यांचं काय? हे कुणीही वापरतं आणि फौजही वापरते. तेव्हा सरकारचं धोरण असं, की माल साधा असला तरी तो कुठं चालला आहे ते बघायचं. ठिकाण नाजूक असेल आणि फौजेच्या उपयोगाची शंका आली, तर अर्ज दिल्लीला विचारायला पाठवायचा. ठिकाणांची यादी साहेबांच्या कपाटात, कुलपात. तिच्यातलं नाव बायकोलासुद्धा सांगायचं नाही, अशी सही मी नोकरीला लागताना केली होती. त्या अर्जावरचं बंदर त्या यादीत होतं.

जाळी मात्र मालाच्या कुठल्याच यादीत नव्हती. मी शिक्का मारला असता तर कुणी मला विचारलं नसतं. मासेमारीची जाळी म्हणून गेली असती, तू वर्षभर बसून काम केलं असतंस. पण माझ्या जागी दुसरा कारकून असता तर त्याला कळलं नसतं, आणि मला कळलं होतं. तूच कळवलं होतंस. चौथ्या दिवशी मी टिपणी लिहिली. चौकोनी घर, ओढल्यावर न मिटणारं. बोया आणि शिसं यांची सोय नाही. सुतावर प्रक्रिया नाही. सबब ही मासेमारीची जाळी वाटत नाहीत. तुझंच बोलणं, फक्त भोपळ्याचा वेल गाळला.

आमचे साहेब पुण्याकडचे, महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर रसद खात्यात होते. त्यांनी मला बोलावलं. नमुना हातात घेऊन खिडकीशी गेले.

"कोळी, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मी मोऱ्याचा आहे, साहेब."

"शाब्बास. अहो, ही तोफा झाकायची जाळी. यात चिंध्या ओवायच्या, वर पसरायची, की विमानातून झाडी दिसते. मी शेकड्यांनी वाटलीत." मग म्हणाले, "दिल्लीला जाऊ दे."

"साहेब, पण समजा तिथं कुणी खरंच मासे धरायला..."

"आपण समजायचं नाही. विचार वर होतो. आपण विचारार्थ सादर करतो."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं, की साहेब, यातली दुरुस्ती माझ्या आत्यानं केली आहे, हा कागद माझ्या हाताखालून जाऊ नये. मी नाही सांगितलं. शाब्बास ऐकून मी बाहेर आलो. मी प्रामाणिकपणा केला, असं मला त्या दिवशी वाटत होतं. अर्धा केला, हे नंतर कळलं.

दिवाळीच्या आधी मुकादम आला आणि उरलेली गाठोडी धक्क्याजवळच्या कोठीत टाकून गेला. जाताना बायकांना म्हणाला, "काम बंद. तुमच्याच गावच्या बाबूनं अडवलंय. जाळ्याला भोकं कशी असतात त्याचा निबंध लिहिलाय त्यानं."

मी शनिवारी आलो तर तुझी पाटी खुंटीवर नव्हती. तू बाजारातून आलीस, पाय धुतलेस आणि दारातच विचारलंस, "तू लिवलंस?"

"कचेरीचं मला बोलता येत नाही, आत्या."

"मी कचेरीचं इचारत नाय. तू लिवलंस का?"

मी तुझी पाटी उचलून खुंटीला लावली.

"चौकोनी घर, बोया नाय, शिसं नाय. असं लिवलंस?"

"हो."

"म्हंजे माजं बोलनं लिवलंस. माज्या तोंडचं घेतलंस नि माज्याच पोटावर..." तू पुढं बोलली नाहीस. मला भाकरी वाढलीस. जेवताना मी समजावत होतो, की ती जाळी तोफा झाकायला वापरतात, जिथं चालली होती तिथं गरीब माणसांवर तोफा चालतील. तू ऐकत होतीस की नाही, कळत नव्हतं. मग म्हणालीस,

"कोयत्यानं मासली कापतान, मानूस बी कापतान. उद्या कोयता अरवशील?"

"कोयता कुठं चाललाय त्यावर आहे."

"कोयत्याला काय ठावं कुठं चालला?"

"म्हणून तर सरकारनं धोरण ठरवलंय."

"धोरन म्हंजे?"

"म्हणजे काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं."

"आधीच ठरलंय, मंग तुला कशाला बसवलाय तिथं?"

मी ताट घासायला उचललं. मी नंतर अर्थशास्त्राची पुस्तकं वाचली, खात्याच्या परीक्षा दिल्या, कलकत्त्याच्या बंदरावर मोठ्या मोठ्या यंत्रांचे अर्ज बघितले. पण तुझा कोयता माझ्या प्रत्येक फाइलीवर आडवा पडलेला असायचा. तू म्हणत होतीस ते खरं, की मी म्हणत होतो ते? दोन्ही खरं असेल तर माणसानं सही कुठं करायची?

त्यानंतर महिनाभर तू माझ्याशी कामापुरतं बोललीस. मग एक दिवस काय झालं कुणास ठाऊक. पार्वतीकाकी नळावर मला ऐकू जाईल असं म्हणाली, "शिकलेला साप घरातच चावतो." आणि तू कळशी खाली ठेवून तिच्यावर धावलीस.

"तोंड सांबाल, पार्वते. त्या जाल्याखाली तोफा ठेवनार होते. माज्या पोरानं मानसं वाचवली. तुजी-माजी पाटी काय, ती डोक्याला होतीच."

मी कळशी उचलून घरात आणली. इतका मोठा मी कधीच नव्हतो. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा नव्हतो.

आणि शिमग्याच्या सुमाराला दिल्लीचं उत्तर माझ्याच टेबलावर आलं. दोन ओळी. सदर माल प्रतिबंधित मालात मोडत नाही. परवाना देण्यास हरकत नाही. खाली एक सही, तीही वाचता न येणारी.

मी ती फाइल घेऊन साहेबांकडे गेलो. "साहेब, आपण लिहिलं होतं ना, तोफा झाकायची जाळी म्हणून?"

"लिहिलं होतं."

"मग?"

"वर विचार झाला."

"काय विचार झाला?"

त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "कोळी, कदाचित ते बंदर यादीतून निघालं असेल. कदाचित आपलं त्यांचं जुळलं असेल. कदाचित कुणी वाचलंच नसेल. तुम्ही तुमचं लिहिलंत. आता परवाना टाइप करायला द्या."

मी दिला. तोपर्यंत व्यापाऱ्यानं काम काठेवाडकडे कुठं तरी हलवलं होतं. तिथल्या बायकांनी उरलेली जाळी दुरुस्त केली आणि ती गेली. आपल्या कोठीतली गाठोडी उंदरांनी खाल्ली. म्हणजे तोफा झाकायच्या असतील तर झाकल्या गेल्या, आणि पाटी तेवढी तुझ्या डोक्यावर परत आली.

त्या शनिवारी मी तुला सांगायचं ठरवून आलो होतो. तू माझ्यासाठी बोंबलाची चटणी केली होतीस. शेजारच्या सुनेला सांगत होतीस, की नारायणाच्या एका कागदानं आगबोट थांबली. मी म्हटलं, जेवण होऊ दे. जेवणानंतर म्हटलं, उद्या. रविवारी तू मला धक्क्यावर सोडायला आलीस आणि लाँच सुटेपर्यंत गुडघा चोळत उभी राहिलीस. त्या गुडघ्याकडे बघून मला सांगवेना. काम गेलं, त्याच्या बदल्यात तुझ्याकडे एक वाक्य होतं. तेही काढून घेऊ? मला वाटलं, राहू दे. मी तुझ्यासाठी गप्प बसलो की माझ्यासाठी, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

मग चीनची लढाई आली. गावात सभा झाली, बायका अंगावरचे सोन्याचे डाग काढून देत होत्या. तोवर तुझ्या वाक्यालाही अंकुर फुटले होते. जाळी चीनला चालली होती, असं कुणीतरी जोडलं होतं आणि तू ते खोडलं नव्हतंस. तुला तरी कुठं ठाऊक होतं? सभेत पुढाऱ्यानं तुला पुढं बोलावलं. "या माउलीच्या मुलानं शत्रूची जाळी अडवली," असं म्हणून तुझ्या ओटीत नारळ घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पार्वतीकाकीनंसुद्धा. मी मागे, होड्यांच्या सावलीत उभा होतो. कोणतं ठिकाण होतं ते सांगायला कायद्यानं बंदी. कोणतं नव्हतं ते सांगायलाही बंदी आहे का, असा विचार करत मी उभा राहिलो, आणि सभा संपली.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. कलकत्त्याहून मी तुला पत्रं पाठवायचो. पण आपल्या गावात पत्र एकट्याचं नसतं. पोस्टमन ओटीवर बसतो, पिशवी बाजूला ठेवतो आणि मोठ्यानं वाचतो, गल्लीत जो असेल तो ऐकतो, मधेमधे विचारतो, "तिकडं भात मिळतो का ते लिवलंय?" तुला लिहिणं म्हणजे गल्लीला लिहिणं. म्हणून कित्येक महिने मी फक्त लिहीत होतो, की मी सुखरूप आहे आणि भात मिळतो.

या श्रावणात मात्र मी सगळं खरं सांगणारं पत्र लिहिलं. तुझं उत्तर आलं नाही. एरवी पोस्टमनकडून तू दोन ओळी तरी लिहून घ्यायचीस. दोन महिने मी वाट पाहिली, आणि मग तार आली.

काल तुझी पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली ते पाकीट होतं. फोडलेलं, कागद चारी घड्यांवर मऊ पडलेला, म्हणजे पुष्कळदा उलगडलेला. मी पोस्टमनला गाठलं. "काका, हे तुम्ही वाचून दाखवलंत?"

तो म्हणाला, "साहेब, मी टपाल वाटतो. वाचलेलं विसरतो. नायतर या गावात मला पाय ठेवता येईल का?"

"पण वाचलंत का?"

"आठवत नाय बा."

पार्वतीकाकी चुलीशी होती. मी पाकीट तिच्यापुढं धरलं.

"काकी, हे ऐकलंस तू?"

"पत्रां येतान की."

"यात काय होतं?"

"तूच लिवलंस, तुलाच ठावं. चा थंड झाला तुजा."

"आत्या काही बोलली का यावर?"

तिनं फुंकणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. "तुजी आत्या गेल्याच्या आदल्या सांजंला काय बोलली ते सांगू? बोलली, माज्या पोरानं मानसं वाचवली. आमी सगल्या होतो. सगल्या बोललो, हो गं बाय, वाचवली." एवढं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला, धूर होता, की काय होतं.

तर आत्या, मी असा बसलो आहे. पत्र तुला कुणी वाचून दाखवलंच नाही का? वाचलं आणि तुला पटलं नाही? की ऐकलंस, समजलीस, आणि त्या तेराजणींना काही सांगून ठेवलंस, म्हणून त्या सगळ्या दारात येऊन मला तेच वाक्य देऊन जातात? मी शिकलेला माणूस आहे. कागद बघून माल कसला ते ओळखणं हे माझं काम. हा माझ्याच हातचा कागद समोर आहे आणि त्याचं काय झालं ते मला ओळखता येत नाही. उद्या त्या सगळ्या येणार आहेत. मी त्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवावं की नाही, हेही ठरत नाही. एकदा तुझ्यासमोर वाचतो.

*

कलकत्ता, श्रावण

तीर्थरूप हिराआत्यास नारायणचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे सुखरूप आहे. गुडघ्याला तेल लावत जा. वाचून दाखवणाऱ्यांना विनंती, की त्यांनी सावकाश वाचावं आणि मधे थांबू नये.

आत्या, ती जाळी चीनला चालली नव्हती. कुठं चालली होती ते मला सांगता येत नाही, पण चीनला नाही. मी ती अडवली हे खरं आहे. तू मला दाखवलंस तसंच मी लिहिलं, हेही खरं आहे. पण त्याच शिमग्यात दिल्लीहून हुकूम आला, की जाऊ द्या. तो कागद माझ्याच हातानं पुढं गेला. जाळी गेली. ज्यांना जायची होती त्यांच्याकडे पोचली. इतकी वर्षं मी तुला हे सांगितलं नाही. तुला नारळ दिला तेव्हा मी तिथंच मागे उभा होतो.

तेव्हा माझ्या पोरानं माणसं वाचवली असं आता बोलू नकोस. कदाचित सहा महिने उशीर झाल्यानं कुणी वाचलं असेल. कदाचित कुणीच नाही, आणि मी फक्त चौदा बायकांचं बसून करायचं काम घालवलं. मी पुष्कळ विचार केला, मला समजत नाही. पुन्हा तोच अर्ज आला तर मी काय लिहीन तेही सांगता येत नाही. बहुतेक तेच लिहीन. आणि तू कोयत्याचं विचारलंस त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

हे पत्र एकटीनं ऐकू नकोस. पार्वतीकाकीला बोलाव, त्या सगळ्याजणींना ओटीवर बोलाव, आणि त्यांच्यासमोर वाचून घे. ऐकल्यावर त्या काय बोलतात ते मला कुणाकडून तरी लिहून पाठव. शिव्या दिल्या तर त्या गाळायला सांगू नकोस. जशाच्या तशा लिहायला सांग.

तुझा,
नारायण